काठी खाली ठेवण्याचा हक्क

(माझ्या वडिलांच्या सेवानिवृत्तीनिमित्त केज तालुक्यातील आमच्या गावच्या बुद्धविहारात धम्मबांधवांची सभा भरली होती. त्या सभेत केलेले हे भाषण. सभेस जे येऊ शकले नाहीत त्या वाचकांना उद्देशून ते येथे लिहून दिले आहे.)



नोकरीतून निवृत्त होणाऱ्या माणसाचा सत्कार ही आता आपल्या समाजात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बीडपासून अंबाजोगाईपर्यंत कोठेही जा, महिनाअखेरीस एखाद्या तरी वस्तीत असा समारंभ होतच असतो. शाल, पुष्पहार, भिंतीवरचे घड्याळ, चार भाषणे आणि शेवटी जेवण, असा त्याचा ठराविक क्रम असतो. माझ्या वडिलांचाही सत्कार तसाच झाला. ते एका सरकारी कार्यालयात चाळीस वर्षे शिपाई होते आणि वयाच्या साठाव्या वर्षी नियमाप्रमाणे निवृत्त झाले. शेवटी मुलाने दोन शब्द बोलावेत असा सर्वांनी आग्रह धरला, तेव्हा मात्र मी अडचणीत सापडलो. नात्यातल्या साक्षीदाराची साक्ष न्यायालय जपून तपासते, हे वकिलीच्या धंद्यात मी रोज पाहतो. मुलाने बापाची केलेली स्तुती ही तशीच साक्ष होय. म्हणून स्तुतीचे काम मी इतरांवर सोडले आणि सभेपुढे एकच प्रश्न ठेवला. आज आपण नेमका कशाचा सन्मान करीत आहोत?

चाळीस वर्षे काम केल्याचा म्हणावा, तर आपल्या वाडवडिलांनी साठ साठ वर्षे काम केले. त्यांना कोणी शाल पांघरली? प्रामाणिकपणाचा म्हणावा, तर त्यांच्या हातून सरकारी वसुलीची रक्कम कोसच्या कोस गेली. त्यांच्या इमानाचा दाखला कोणी लिहून दिला? काम आणि इमान आपल्या घराण्यांत कधीच कमी नव्हते. नवीन आहे ती निराळीच गोष्ट आहे. ठरलेल्या दिवशी, लेखी हुकुमाने, हातातले काम खाली ठेवता येणे आणि ते मुलाच्या हाती न जाणे, ही ती नवीन गोष्ट होय. आमच्या घराण्यात हे पहिल्यानेच घडले आहे. ते कसे घडले, कोणी घडविले आणि अजून कोणासाठी घडावयाचे राहिले आहे, हे सांगण्यासाठी मी उभा राहिलो.

ज्या कामाला निवृत्ती नव्हती

माझे पणजोबा निजामाच्या अमलात येसकर होते. वेशीची राखण करणे, सरकारी दप्तर पुढच्या गावी पोचविणे, अंमलदार गावात आला की त्याच्या घोड्यापुढे धावणे, मयताची खबर उन्हातान्हात नेणे, मेलेले ढोर ओढून नेणे, ही सारी त्यांची कामे. मोबदला म्हणजे सुगीच्या वेळी खळ्यावर हात पसरून घेतलेले बलुते आणि संध्याकाळी दारोदार मागितलेली भाकर. या कामाला आरंभीचा हुकूम नव्हता आणि शेवटचाही नव्हता. माणूस जन्माला आला की तो नोकरीत दाखल झाला आणि मेला की सुटला. तो अंथरुणाला खिळला तर काठी त्याच्या मुलाने उचलायची. मुलाचे वय किती, त्याची इच्छा काय, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

हे चित्र केवळ आमच्या गावचे नव्हे. मुंबई इलाख्यात या गुलामगिरीला कायद्याचाच आधार होता. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. वतनदार महाराला रात्रंदिवस राबावे लागते आणि तो हजर नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी धरून नेले जाते, हे गाऱ्हाणे त्यांनी त्या वेळी सभागृहापुढे मांडले. वाचकहो, या ठिकाणी थोडे थांबा. मुलगा सापडला नाही म्हणून म्हाताऱ्या बापाला धरून नेणे! ज्या व्यवस्थेत थकलेल्या बापाला घरी बसण्याचाही अधिकार नव्हता, त्या व्यवस्थेत निवृत्ती हा शब्द कोठून येणार? ते विधेयक पुढे निवड समितीकडे गेले. तेथे त्याचे रूप असे बदलले की १९२९ साली बाबासाहेबांनी ते परत घेतले. मुंबई राज्यात ही कनिष्ठ वतने नाहीशी करणारा कायदा झाला तो १९५८ साली. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण त्याआधीच झाले होते. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाचा मुलूख. येथील कायदे आणि कागद निराळे होते, पण काठी तीच होती.

आमच्या घरात ती काठी कायद्याने सुटली नाही. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि पुढे ती लाट आमच्या भागात आली. तेव्हा माझ्या आजोबांनी बुद्धाला शरण जाऊन काठी चावडीच्या भिंतीला टेकवून ठेवली. गावाने त्याची किंमत वसूल केली. बलुते बंद झाले, रानातली मजुरी बंद झाली. पुढे १९७२ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी कामावर खडी फोडली, मातीची घमेली वाहिली. त्यांनी काठी टाकली हा राजीनामा होता. निवृत्ती नव्हे. राजीनामा देणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. त्यांच्याही पडले नाही. पण माझ्या वडिलांच्या हाती काठी आली नाही, ती त्या राजीनाम्यामुळे.

वडिलांना नोकरीचा हुकूम मिळाला त्या दिवसाची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. आजोबांनी पगार विचारला नाही. त्यांनी विचारले, "ही नोकरी पोराला लागून येते का रे?" वडील म्हणाले, "नाही. माझी माझ्यापुरती." आजोबा म्हणाले, "मग चांगली हाय." इतर लोक वंशपरंपरेच्या मालमत्तेत सुख मानीत आले. आपल्याला वंशपरंपरा म्हटली की धडकीच भरत असे.

सुभेदारांचे पन्नास रुपये

आपल्या चळवळीच्या इतिहासात निवृत्त होणारा एक पिता आहे. आपण त्याच्या पुत्राविषयी इतके बोलतो की पित्याच्या निवृत्तीकडे आपले लक्ष जात नाही. सुभेदार रामजी सकपाळ हे ते पिता होत. त्यांचे वडील मालोजी हेही लष्करात होते. रामजी लष्करी शाळेत शिकवीत आणि चौदा वर्षे ते मुख्याध्यापक होते. महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला आणि त्यानंतर दोनतीन वर्षांत सुभेदार सेवानिवृत्त झाले. निवृत्तिवेतन दरमहा पन्नास रुपये.

त्याच सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. म्हणजे सुभेदार ज्या दाराने बाहेर पडले, ते दार त्यांच्या मुलांना आणि सर्व समाजाला बंद झाले. त्याविरुद्ध अर्जविनंत्या करण्यात रामजी पुढे होते. नोकरी मुलाकडे जाणार नव्हती. मग मुलाला काय द्यायचे? त्यांनी विद्या द्यायचे ठरविले. तिचा खर्च त्या पन्नास रुपयांतून चालणार होता.

पन्नास रुपयांत ते भागत नव्हते, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे. सुभेदार दापोलीस राहिले आणि मग साताऱ्यास गेले. निवृत्तीनंतरही त्यांना पुन्हा नोकरी धरावी लागली. सातारा जिल्ह्यात दुष्काळग्रस्तांसाठी तलाव खोदण्याचे काम चालले होते, तेथे ते खजिनदार होते. त्यांना भेटण्यासाठी निघालेल्या लहान भीमरावाला आणि भावंडांना रेल्वे स्टेशनवर गाडीवान मिळेना, वाटेत पाणी मिळेना, ती हकीकत बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे. त्या हकीकतीकडे मी आणखी एका दृष्टीने पाहतो. निवृत्त झालेला बाप पुन्हा कामावर नसता, तर ती मुले त्या वाटेला लागलीच नसती.

पुढे मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत मुलाचे शिक्षण चालले. मुलाने पुस्तक मागितले आणि हातात पैसे नसले, की सुभेदार धाकट्या लेकीकडे जात. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे जाऊन तिचा दागिना मागून घेत, मारवाड्याकडे गहाण ठेवीत आणि पुस्तक आणीत. पेन्शन हाती आले की दागिना सोडवून परत देत. ही आठवणही बाबासाहेबांचीच आहे. याचा जमाखर्च मांडून पाहा. पेन्शन येणारच, अमुक तारखेस येणारच, ही खात्री होती म्हणून दागिना गहाण ठेवता आला आणि लेकीला तो परत मिळेल असे सांगता आले. रक्कम लहान होती, पण तिच्यावर विसंबता येत होते. मालकाच्या मर्जीवर मिळणाऱ्या बलुत्यावर असे कर्ज काढता येत नाही. हक्काच्या पन्नास रुपयांवर काढता येते.

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परत येताना सुरतेला मिठाई घेण्यासाठी ते उतरले, तो गाडी निघून गेली. ते घरी पोचले तेव्हा वडील शेवटच्या घटका मोजीत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. मुलाने पुढे काय केले ते साऱ्या जगाने पाहिले, पण बापाला ते पाहता आले नाही. मुलाच्या हातून त्यांचा सत्कार झाला नाही. १९२३ साली लंडनला रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा तो बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. ज्यांच्या बापाच्या अंगावर त्याच्या हयातीत शाल पडते, त्या तुम्हाआम्हाला आपण किती भाग्यवान आहोत हे यावरून कळावे.

पाण्याचे काम

आता माझ्या वडिलांकडे येतो. येथे मला एक कबुली द्यावयाची आहे.

त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मी कायद्याचे शिक्षण घेत होतो. वडील काय करतात असे कोणी विचारले की मी म्हणत असे, "सरकारी नोकरीत आहेत." शिपाई हा शब्द माझ्या तोंडून निघत नसे. वसतिगृहाचा माझा खर्च त्या शिपायाच्या पगारातून चालत होता. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मी मेणबत्ती लावीत होतो आणि स्वतःच्या बापाचे पद लपवीत होतो. जातीने लादलेली लाज शिकलेल्या माणसाच्या अंगात कशी नवा वेष घेऊन राहते, त्याचे मी चालते उदाहरण होतो.

माझ्या त्या लाजेला अभ्यासातलेही एक कारण होते. १९१७ साली बाबासाहेब परदेशाहून बडोद्यास नोकरीवर परत आले, तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकीत आणि त्यांना प्यायला पाणी मिळत नसे, हे मी वाचले होते. आणि माझा बाप शिपाई! त्या पदाचाच मला राग येई. एकदा सुट्टीत मी हे वडिलांना बोलूनही दाखविले. तेव्हा त्यांनी ट्रंकेतून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

वडील नोकरीला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांतली ती गोष्ट. त्यांच्या कार्यालयात शिपायांच्या कामांची वाटणी लिहून भिंतीवर लावलेली असे. टपाल, झाडलोट, दप्तर लावणे, माठ भरणे आणि पाणी देणे. आठवडा बदलला की काम बदलायचे. वडिलांच्या पाळीला पाण्याचे काम आले की ते नाव खोडले जाई आणि दुसरे लिहिले जाई. कोणी काही बोलत नसे. फक्त नाव खोडलेले दिसे. वडील सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी तीन ओळींचा अर्ज लिहिला. माझे नाव पाण्याच्या कामातून कोणत्या नियमाने काढले, ते लेखी कळावे, एवढाच मजकूर. उत्तर आले नाही. पण पुढच्या पाळीला नाव खोडले गेले नाही. काही लोकांनी घरून बाटली आणायला सुरुवात केली. वडिलांनी त्यावर अर्ज केला नाही. "कोणी काय प्यावं तो त्याचा प्रश्न. यादीत माझं नाव राहिलं पाहिजे, तो माझा," असे ते म्हणाले.

त्या अर्जाची नक्कल म्हणजे तो कागद. मी उद्धटपणे विचारले, "पाणी द्यायच्या कामासाठी भांडलात?" ते म्हणाले, "काम कोणतं का असंना. जातीनं नाव खोडलं होतं. ते मला परत लिहून घ्यायचं होतं."

संविधानाचा १७ वा अनुच्छेद आणि १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा मी परीक्षेसाठी पाठ केला होता. तो कसा वापरायचा, हे त्या दिवशी एका शिपायाने मला शिकविले. २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्याचा अर्थ वडिलांनी आपल्या परीने लावला होता. ज्या पदावरची माणसे बाबासाहेबांकडे फायली फेकीत होती, त्या पदावर बाबासाहेबांच्या एका अनुयायाने चाळीस वर्षे बसून फाइल प्रत्येकाच्या हातात दिली. कोणाकडेही फेकली नाही. मी त्या पदाचा राग करीत होतो, हा माझा अडाणीपणा होता. ही कबुली मी सभेत वडिलांसमोर दिली. ते खाली मान घालून बसले होते. मला वाटते, त्यांना हे आधीच ठाऊक होते.

उपकार नव्हे

आता कायद्याचे थोडे बोलतो. आपल्यातले पुष्कळ लोक निवृत्तिवेतनाला सरकारची कृपा समजतात आणि कागद अडला तर हात जोडून उभे राहतात. ते चूक आहे. १९७१ साली देवकीनंदन प्रसाद यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन हा हक्क असल्याचे सांगितले. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा प्रकरणात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. तो निकाल न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिला. निवृत्तिवेतन म्हणजे बक्षीस नव्हे, मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली देणगी नव्हे. माणसाने उमेदीच्या काळात केलेल्या सेवेचे ते फळ आहे आणि म्हातारपणी त्याला हात पसरावे लागू नयेत म्हणून केलेली ती सामाजिक न्यायाची तजवीज आहे, असे त्या निकालाचे सार आहे. म्हणूनच १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक आपला दिन म्हणून पाळतात. २०१३ साली त्याच न्यायालयाने निवृत्तिवेतनाला मालमत्तेच्या हक्काचे संरक्षण असल्याचे स्पष्ट केले. बलुते आणि निवृत्तिवेतन यांतला फरक या तीन निकालांत आला आहे.

या हक्काचे मूळ संविधानात आहे. ४१ वा अनुच्छेद म्हातारपणी सरकारी साहाय्य देण्याची तजवीज करण्यास राज्याला सांगतो. ४३ वा अनुच्छेद कामगाराला चांगले राहणीमान आणि फुरसत मिळावी असे सांगतो. फुरसत हा शब्द तेथे सहज आलेला नाही. १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली, ती यासाठीच की फुरसतीवाचून माणसाला सुसंस्कृत जीवन जगता येत नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते मध्यवर्ती सरकारचे मजूरमंत्री होते आणि १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. ज्या समाजाला चोवीस तासांची चाकरी ठाऊक होती, त्या समाजाच्या पुत्राने कामाला तासांची मर्यादा असावी हे पाहिले. कामाच्या दिवसाला शेवट असावा आणि कामाच्या आयुष्यालाही असावा, हे दोन्ही एकाच विचारातून येते.

परंतु हक्क मिळाला म्हणून तो टिकतोच असे नाही. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून जे लागले, त्यांना जुने निवृत्तिवेतन राहिले नाही. अंशदानाची योजना आली. त्यासाठी १४ मार्च २०२३ पासून राज्यातील कर्मचाऱ्यांनी सात दिवसांचा संप केला. शिपायांची कामे आता ठिकठिकाणी कंत्राटदाराकडून करून घेतली जातात. म्हणजे माझ्या वडिलांच्या खुर्चीवर उद्या जो मुलगा बसेल, त्याचे सेवापुस्तक असेल की नाही, हाच प्रश्न आहे. यादीतून नाव खोडण्याची ही नवी रीत आहे.

एका घरातले दोन भाऊ

आमच्या घरातलेच दुसरे माणूस आता तुमच्यापुढे आणतो. वडिलांचे धाकटे भाऊ, माझे चुलते. त्यांना नोकरी लागली नाही. बीड जिल्ह्यातल्या लाखो लोकांप्रमाणे ते ऊसतोडीला गेले. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घ्यायची, बिऱ्हाड गाडीत भरायचे, पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या फडावर कोपी घालायची आणि उन्हाळा लागला की परत यायचे. नवराबायकोच्या जोडीला तेथे एक कोयता म्हणतात. दोन माणसांचे मिळून एका हत्याराचे नाव! त्या कोयत्यातल्या बाईची हजेरी वेगळी नाही, हिशेब वेगळा नाही. २०१९ साली या जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, तो तुम्हाला आठवत असेल. काम बुडू नये म्हणून शरीराचा भाग काढून टाकायचा, इथपर्यंत ही गोष्ट गेली होती.

माझे चुलते आणि चुलती पस्तीस हंगाम उसात होते. त्यांना निवृत्तीचा हुकूम आला नाही. एका वर्षी चुलत्यांची कंबर धरली आणि मुकादमाने उचल दिली नाही, तीच त्यांची निवृत्ती. आणि त्या वर्षी त्यांच्या मुलाने कोयता घेतला. वाचकहो, आजोबांचा तो प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. ही नोकरी पोराला लागून येते का? होय, येते. बापाची उचल फिटली नाही तर मुलाला जावे लागते. चावडीच्या भिंतीला टेकवून ठेवलेली काठी आमच्या घरात दुसऱ्या रूपाने परत आली आहे.

नगरपालिकांच्या सफाई कामगारांचेही असेच आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे त्यांच्या वारसाला त्यांच्या जागी नोकरी मिळते. घरातली भाकर जाऊ नये म्हणून मुलगा ती घेतो, त्याला दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. तो हक्क टिकलाच पाहिजे. तथापि बापाच्या निवृत्तीने मुलाच्या हाती झाडूच यावा, दुसरे काही येऊ नये, अशी ज्या समाजाची घडण आहे, तिच्याविषयी आपण गप्प बसावे काय?

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदानाचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी ठरविले. म्हणजे वाट बंद नाही. ती मागणाऱ्याला मिळते, हाच आपला आजवरचा अनुभव आहे.

सत्कार कसा करावा

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जो उपदेश केला, त्यात आईवडिलांप्रती पुत्राची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांचे पोषण करावे, त्यांची कामे करावीत, कुळाची चांगली रीत राखावी, वारशाला पात्र व्हावे आणि त्यांच्या मागे त्यांच्या नावाने दान करावे. आपण पहिल्या कर्तव्यावर थांबतो. वारशाला पात्र होण्याचे चौथे कर्तव्य सर्वांत अवघड आहे. सुत्त एवढ्यावर संपत नाही. मालकाने नोकराशी कसे वागावे, हेही भगवंतांनी त्याच सिगालाला सांगितले. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात त्याची शुश्रूषा करावी, आपल्या ताटातले चांगले त्याला द्यावे आणि वेळोवेळी त्याला कामातून मोकळे करावे. अडीच हजार वर्षांपूर्वी या देशात कोणीतरी नोकराच्या सुट्टीचा विचार केला होता. तो विचार मनुस्मृतीत सापडत नाही. आपण ज्याला शरण गेलो त्याच्या धम्मात सापडतो.

म्हणून सत्काराच्या सभेत मी काही गोष्टी सुचविल्या, त्या तुमच्यापुढेही ठेवतो. ज्यांचा बाप किंवा आई दोनतीन वर्षांत निवृत्त होणार आहे, त्यांनी शाल घेण्याआधी सेवापुस्तक उघडावे. नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे काय, सर्व नोंदींवर सह्या आहेत काय, वारसाचे नामनिर्देशन झाले आहे काय, हे पाहावे. पुष्कळ निवृत्तिवेतने अडतात ती एका न केलेल्या सहीपायी. वडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन आईला मिळावयाचे असते. तिचे नाव आणि खाते आजच नीट करून ठेवावे. हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो. त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला एकट्याने पाठवू नये.

दुसरी गोष्ट. प्रत्येक सत्काराच्या खर्चातून एक वाटा विहारात राहावा आणि गावातून उसाला जाणाऱ्या कुटुंबांची मुले हंगामात शाळेत राहावीत यासाठी तो खर्च व्हावा. सुभेदारांच्या पेन्शनने एका मुलाचे पुस्तक आणले. आज आपल्या विहारांत बसणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांची संख्या पाहा आणि हिशेब करा.

तिसरी गोष्ट वकिलांसाठी, म्हणजे माझ्यासाठी. निवृत्तिवेतनाचा, उपदानाचा किंवा उचलीच्या हिशेबाचा कागद घेऊन आलेल्या माणसाकडून मी या जिल्ह्यात फी घेणार नाही, असे मी सभेत वडिलांसमोर जाहीर केले. हाच मी त्यांना दिलेला आहेर.

सभा संपल्यावर वडिलांना घेऊन घरी गेलो. भेट मिळालेले घड्याळ त्यांनी भिंतीवर लावून घेतले. तो तीन ओळींचा कागद ट्रंकेतून काढून त्यांनी माझ्या हाती दिला आणि सांगितले, "हा आता तुझ्याकडं ठेव." दुसऱ्या दिवशी सकाळी चुलते आले. दोघे भाऊ ओट्यावर बसून चहा पीत होते. एकाच्या खिशात निवृत्तीचा हुकूम होता. दुसऱ्याचा मुलगा त्या वेळी उसाच्या फडात होता. माझ्या वडिलांचा सत्कार मी त्या दिवसापुरता केला. तो पुरा होईल, जेव्हा माझ्या चुलतभावाचा मुलगा कोयता हातात न घेता मोठा होईल आणि त्याच्या बापालाही कोणी एक तारीख लिहून देईल.

जय भीम! नमो बुद्धाय!